‘गोंगाट’ आणि ‘ब्रुझीओ’: इटालियनमध्ये रेस्टॉरंटचं वातावरण सांगताना अडलेल्या विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी बोलोन्यात राहते आणि इथे आलेल्या मराठी माणसांना इटालियन शिकवते. हे प्रकरण माझ्या एका विद्यार्थिनीचं आहे. तिला विचारून लिहिते आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती कोल्हापूरकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे इटलीत आली. इथल्या विद्यापीठात इटालियन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर बी-2 पातळीचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ती सिएनाच्या विद्यापीठातर्फे होणाऱ्या ‘चिल्स’ परीक्षेला जूनमध्ये बसली. या परीक्षेचे पाच भाग असतात: ऐकणं, वाचणं, भाषेची रचना, लिहिणं आणि बोलणं. प्रत्येक भाग 20 गुणांचा, आणि प्रत्येकात निदान 11 मिळावे लागतात. चार भागांत ती व्यवस्थित पास झाली. बोलण्यात मिळाले 9.

पास झालेल्या भागांचे गुण राखून ठेवता येतात. म्हणजे डिसेंबरच्या फेरीत तिला फक्त तोंडी परीक्षा द्यायची होती. निकाल हातात पडल्यावर ती माझ्याकडे आली तेव्हा आमच्यापाशी साधारण दहा आठवडे होते.

तोंडी परीक्षेत आधी परीक्षकाशी संवाद असतो आणि मग एका विषयावर एकटीने बोलायचं असतं. बोलणं रेकॉर्ड होऊन सिएनाला जातं, तपासणी तिथे होते. त्यामुळे कुठे चुकलं हे सांगणारं कुणी नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच की विषय होता ‘आवडलेल्या एका रेस्टॉरंटचं वर्णन’, आणि थोडं बोलून झाल्यावर पुढे काही सुचलं नव्हतं.

अडचण

पहिल्याच तासाला मी तिला तोच विषय पुन्हा बोलायला सांगितलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. ती जेमतेम चाळीस सेकंद बोलली. रेस्टॉरंट आक्कोल्येन्ते होतं, म्हणजे येणाऱ्याला सामावून घेणारं. ते रोमान्तीको होतं, एलेगान्ते होतं, त्रान्क्वील्लो म्हणजे शांत होतं आणि माणसांनी भरलेलंही होतं. उच्चार चांगले होते. मराठी माणसाला इटालियन ‘त’ आणि ‘द’ शिकवावे लागत नाहीत. ‘पत्ता’, ‘कट्टा’ म्हणणाऱ्या जिभेला त्रात्तोरीया (साधी खानावळ) या शब्दातला ‘त्ता’ही जड जात नाही. शब्दही सगळे बरोबर. पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नव्हतं.

मी विचारलं, “हे रेस्टॉरंट कुठलं गं?”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “ताई, असं कुठलं नाहीये. वातावरणाच्या विशेषणांची यादी पाठ केली होती.”

मग मी तिला मराठीत सांगितलं, तुला माहीत असलेल्या कुठल्याही खाण्याच्या ठिकाणाबद्दल बोल. तिने घराजवळचं मिसळीचं दुकान निवडलं. पाच मिनिटं झाली तरी थांबेना. आत शिरल्या शिरल्या नाकात बसणारा कटाचा झणका, ओल्या फडक्याने पुसलेलं टेबल, स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट, “मामा, इकडं कट आणा की!” अशी हाक, आणि घास तोंडात गेला की सगळ्या टेबलावर पडणारी शांतता. यात विशेषण जवळजवळ एकही नव्हतं, तरी मला ते दुकान दिसलं. म्हणजे हिला वर्णन येत नाही असं नव्हतंच.

मग मधे काय येत होतं? तिच्या डोक्यातली वाट मराठीतून थेट इटालियनकडे जात नव्हती. मधे इंग्रजीचं नाकं होतं. तिने शाळेपासून परकी भाषा म्हणून इंग्रजीच शिकलेली, शब्दकोशही इंग्रजी-इटालियन. मराठीत गोंगाट, कलकलाट, गलका, गजबज, कुजबुज हे सगळे वेगळे आवाज. इंग्रजीतही त्यांना वेगवेगळे शब्द आहेत, पण तिच्या हाताशी त्यातला एकच होता, ‘नॉइज’. नाक्यावर पाचांचा एक झाला आणि पुढे इटालियनमध्ये उतरला ‘रुमोरे’. तो शब्द रस्त्यावरच्या यंत्रालाही चालतो. जेवणाच्या जागेबद्दल रुमोरोझो म्हटलं की ती बहुधा तक्रारच वाटते.

प्रत्यक्षात इटालियनमध्येही आवाजांची अशीच श्रीमंती आहे. ब्रुझीओ म्हणजे अनेक माणसं हळू आवाजात बोलताना होणारी गुणगुण. क्याक्क्येरीच्चो म्हणजे गप्पांची अखंड चालू असलेली टकळी. क्यास्सो आणि बाक्कानो म्हणजे गलका. तिन्तिन्नीओ म्हणजे पेल्यांची किणकिण. आणि माझा आवडता शब्द आच्चोत्तोलीओ: ताटल्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज. यातले तिन्तिन्नीओसारखे काही शब्द कानाला ऐकू येतात तसेच बनले आहेत, आपल्या किणकिण-खणखणाटासारखे.

दुसरी अडचण काळाची. ती ‘इल रिस्तोरांते ए स्तातो बेल्लो’ असं म्हणत होती, म्हणजे घडून संपलेल्या घटनेचा काळ. पार्श्वभूमी सांगताना इटालियनमध्ये इम्पेर्फेत्तो लागतो: ‘एरा’. तिसरीही एक अडचण होती. ती मला तिसऱ्या आठवड्यात कळली, म्हणून पुढे सांगते.

समोरचे पर्याय

तिला स्वतःला हवं होतं ते असं: मी एक छान परिच्छेद लिहून द्यावा आणि तिने तो पाठ करावा. तिच्या नवऱ्याचंही म्हणणं तेच. वेळ कमी, फी भरून झालेली, प्रयोग कशाला? या म्हणण्यात तथ्य होतं आणि मी ते झटकलं नाही. पण विषय दर वेळी बदलतो. रेस्टॉरंटचा परिच्छेद पाठ करून गेली आणि समोर बाजार आला तर पुन्हा चाळीस सेकंदच. शिवाय पाठ केलेलं बोलणं ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतं.

व्याकरणावर जोर देण्याचा पर्याय मी अर्धाच घेतला. काळांची चूक खरीच होती, पण रचनेच्या भागात ती पास झालेली होती. कागदावर तिला इम्पेर्फेत्तो येत होता. तोंडात येत नव्हता, कारण सांगण्यासारखं चित्रच समोर नव्हतं.

उरला तो पर्याय म्हणजे जागेवर जाऊन बसणं, बघणं, ऐकणं, आणि मग बोलणं. यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. बोलोन्यात दोघांनी त्रात्तोरीयात जेवायचं तर विद्यार्थ्याच्या खिशाला ते जड होतं. वर बसल्याबद्दलचा ‘कोपेर्तो’ बिलात येतो तो वेगळाच. म्हणून दर वेळी जेवायचंच असं नाही, एक कॉफीही पुरे, असं आम्ही ठरवलं.

खरा निर्णयाचा क्षण वेगळाच होता: मराठीला वर्गात येऊ द्यायचं का? मी स्वतः शिकले तेव्हा ‘इटालियनमध्येच विचार करा’ हा नियम होता आणि बरीच वर्षं मीही तो इतरांना सांगत आले. पण हिचं मिसळीचं वर्णन ऐकल्यावर तो नियम मला इथे घातक वाटला. मराठी बंद केली की तिच्या डोक्यात इटालियन येत नव्हती, इंग्रजी येत होती. म्हणून मी उलटं केलं. जागेवर बसून आधी मराठीत टिपायचं, इंग्रजीला पूर्ण बंदी, आणि मग एकेका मराठी शब्दासाठी इटालियन शब्द शोधायचा. इंग्रजी-इटालियन कोश आम्ही बाजूला ठेवला. इटालियन-इटालियन कोश वापरला, नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या आजींना विचारलं.

काय केलं

सुरुवात घराजवळच्या बारपासून केली. इटलीतला बार म्हणजे मुख्यतः कॉफीची जागा, काउंटरपाशी उभं राहून दोन मिनिटांत प्यायची. सकाळी अकराला गेलो. तिने मराठीत टिपलं: ‘शुकशुकाट. कॉफीच्या यंत्राची सुस्कारे टाकल्यासारखी वाफ. एक आजोबा पेपर वाचतायत आणि मालक त्यांना न विचारता कप पुढे सरकवतोय.’ हे शेवटचं वाक्य मी अधोरेखित केलं. ‘आम्बिएन्ते फामिल्यारे’ (घरगुती वातावरण) असं नुसतं म्हणण्यापेक्षा न विचारता पुढे आलेला कप जास्त सांगतो.

निघताना तिने मालकाला कौतुकाने सांगितलं, “के बेल पोस्तीनो!” तिला म्हणायचं होतं, किती छान छोटीशी जागा. पण पोस्तीनो म्हणजे पोस्टमन. छोट्या गोड जागेला म्हणतात पोस्तिचीनो. मालक मनापासून हसला आणि दोनदा हळूहळू तो शब्द म्हणून दाखवला. त्यानंतर ती तो कधी विसरली नाही.

दुसऱ्या आठवड्यात वास घेतले. मराठीत सुवास, वास आणि घाण वास असे तीन थर आहेत. इटालियनमध्येही प्रोफूमो, ओदोरे आणि पुत्सा. ‘प्रोफूमो दी रागू’ (पास्त्यावरच्या सॉसचा सुवास) म्हटलं की भूक लागते. ‘ओदोरे दी फ्रित्तो’ म्हटलं की कपड्यांना लागलेला तळणाचा वास आठवतो.

तिसऱ्या आठवड्यात मी एक साधी त्रात्तोरीया सुचवली आणि ती टाळाटाळ करू लागली. आधी पैशांचं कारण, मग वेळेचं. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, “ताई, मी खाणार काय तिथे?” ती कडक शाकाहारी आहे. तोर्तेल्लीनीत, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या पास्त्यात, डुकराचं मांस, मोर्तादेल्ला आणि प्रोश्युत्तो; वर ते मांसाच्या रश्श्यात वाढतात. रागू मांसाचा. पियादीना साधी भाकरीसारखी दिसते, पण पारंपरिक पद्धतीत तिच्यात स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी असते. पार्मिज्यानो चीजमध्येही वासराच्या पोटातलं विरजण असतं. दीड वर्षात ती चार-पाच वेळाच बाहेर जेवली होती, आणि तेव्हाही सगळा वेळ ताटात काय येईल याच धास्तीत. अशा माणसाला दिवे, आवाज, टेबलक्लॉथ दिसणार कसे?

इथे मला बोलोन्यातली एक जुनी जागा आठवली. व्हीकोलो रानोक्की या गल्लीतली ओस्तेरीया देल सोले (ओस्तेरीया म्हणजे जुन्या वळणाची मद्यशाळा) 1465 पासूनची म्हणून ओळखली जाते. तिथे फक्त पेय विकत मिळतं, खाणं ज्याने त्याने बरोबर आणायचं. आसपासच्या बाजारातून माणसं चीज, ब्रेड, थंड मांसाचे काप घेऊन येतात आणि लाकडी टेबलांवर पुडकी उघडतात. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं. मला या निर्णयाचा आजही आनंद होतो. ताटाची धास्ती गेली आणि तिचे कान उघडले. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी पुरीचा तुकडा मागून घेतला, लोणच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढचा तासभर ती न अडखळता बोलत होती.

त्या दिवशीच्या वहीत दोन गोष्टी फार मोलाच्या निघाल्या. पहिली विशेषणाच्या जागेची. ‘ऊना व्हेक्क्या ओस्तेरीया’ म्हणजे जुनी, मायेची, पिढ्यांनी पाहिलेली. तेच विशेषण नामानंतर ठेवलं, ‘ऊन ओस्तेरीया व्हेक्क्या’, की बहुतेकदा नुसती जुनाट, कळकट. मराठीत आपण हा फरक जुनी आणि जुनाट असे दोन शब्द घेऊन करतो, इटालियन एकाच शब्दाची जागा हलवून करते.

दुसरी गोष्ट माणसं एकमेकांना काय म्हणतात त्याची. “रागात्सी, कोझा व्ही पोर्तो?” म्हणजे “पोरांनो, काय आणू?” असं जिथे विचारतात तिथलं वातावरण एक. “ई सिन्योरी आन्नो जा शेल्तो?” म्हणजे “मंडळींनी काही ठरवलं का?” असं विचारतात तिथलं पूर्ण वेगळं. इटालियन ‘तू’ म्हणजे आपलं ‘तू’च, उच्चारासकट. आणि मानाचं ‘लेई’ तृतीयपुरुषी असतं, ‘साहेबांनी काय घ्यायचं’ म्हणावं तसं. मराठी माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही, अरे-तुरे केलेलं त्याला लगेच कळतं. वर्णनात ‘वेटर आम्हाला तू म्हणत होता’ हे एक वाक्य घातलं की जागा पंचतारांकित नाही हे वेगळं सांगायला नको.

काळांसाठीही मराठीनेच हात दिला. ‘दिवे मंद होते’ आणि ‘दिवे मंद झाले’ यांत ती कधीच गोंधळली नसती. पहिलं म्हणजे ‘ले लूची एरानो बास्से’, दुसरं म्हणजे ‘सी सोनो आब्बास्साते’. होतं तिथे इम्पेर्फेत्तो, झालं तिथे पास्सातो प्रोस्सिमो, म्हणजे तो घडून संपलेल्याचा काळ. हे सूत्र सगळीकडे लागू पडत नाही आणि तेही मी तिला लगेच दाखवलं. ‘आम्ही तिथे दोन तास होतो’ यात मराठीत ‘होतो’ आहे, पण इटालियन म्हणते ‘सियामो स्ताती’, कारण दोन तासांनी त्या असण्याला कुंपण घातलं.

मराठीतून थेट जाताना नव्या चुकाही झाल्या. ‘गर्दी’साठी तिने ‘फोल्ला’ घेतला, तो चौकातल्या जमावाला शोभतो. जेवणाच्या जागेसाठी ‘चेरा मोल्ता जेन्ते’ पुरतं. ‘घरगुती वातावरण’ म्हणताना तिने ‘आत्मोस्फेरा काझालिन्गा’ केलं. काझालिन्गा हे मुख्यतः स्वयंपाकाला लावतात, आणि नाम म्हणून त्याचा अर्थ गृहिणी. वातावरणाला फामिल्यारे जास्त शोभतं. ‘उबदार’साठी ‘काल्दो’ वातावरणाला चालतो, पण ‘लोकाले काल्दो’ (लोकाले म्हणजे खाण्यापिण्याची जागा) म्हटलं की ऐकणारा खिडकी उघडायला उठेल. आणि ‘प्रसन्न’ला मला आजही एका शब्दात काही सापडलेलं नाही. आम्ही ‘सी स्ताव्हा बेने’वर थांबलो: तिथे बरं वाटत होतं.

शेवटच्या तीन आठवड्यांत वही बंद केली. ती फक्त बोलायची, मी रेकॉर्ड करायचे. नोव्हेंबरच्या अखेरचं तिचं एक बोलणं असं सुरू होतं: “एरा ऊना व्हेक्क्या ओस्तेरीया, प्येना दी जेन्ते. नोन चेरा मूझिका, सी सेन्तीव्हा सोलो इल ब्रुझीओ.” जुनी ओस्तेरीया होती, माणसांनी भरलेली. संगीत नव्हतं, नुसती बोलण्याची गुणगुण ऐकू येत होती. जूनमध्ये ‘शांत’ आणि ‘भरलेलं’ हे दोन शब्द एकमेकांवर आपटत होते. आता एका ‘ब्रुझीओ’ने दोन्ही जागच्या जागी बसवले.

निकाल

डिसेंबरच्या परीक्षेत रेस्टॉरंट आलंच नाही. विषय आला ‘तुमच्या रोजच्या वाटेवरची एक जागा’. तिने तो अकराच्या सुमाराचा बार सांगितला. न विचारता सरकवलेला कप सांगितला, वाफेचा सुस्कारा सांगितला, आणि मालक आता तिला ‘तू’ म्हणतो हेही सांगितलं. परीक्षकाने वेळ संपल्याची खूण केली तेव्हा ती अजून बोलत होती. तिला 14 गुण मिळाले.

सगळं साधलं असं नाही. संवादाच्या टप्प्यात, जिथे वाद घालायचा होता, तिथे ती अजूनही चाचपडली. वर्णनात सुटलेली जीभ मत मांडताना आखडते, आणि त्यावर आम्ही काहीच काम केलेलं नव्हतं.

त्यानंतर नवऱ्याच्या कचेरीतल्या मंडळींच्या जेवणाला ती गेली. आधी फोन करून तिने स्वतः विचारलं की मांस नसलेलं काय मिळेल, आणि लोणी आणि सेजच्या पानांमधले, रिकोट्टा चीज भरलेले तोर्तेल्लोनी (मोठ्या आकाराचे तोर्तेल्लीनी) सांगून ठेवले, वर चीज न किसता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या दोन आठवड्यांत मी तिला बोलता बोलता फार दुरुस्त केलं. बारमधल्या रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज तिच्याइतकाच ऐकू येतो. आता मी बोलणं पूर्ण होऊ देते आणि दुरुस्त्या दुसऱ्या दिवशी करते.

जागांचा क्रमही बदलला असता. सकाळचा शांत बार सोपा म्हणून आधी घेतला. पण आवाजांचे शब्द गर्दीतच सुचतात, ते तिला उशिरा मिळाले. दुपारी एकची वेळ, कामावरची माणसं जेवायला आलेली, असं ठिकाण दुसऱ्याच आठवड्यात घ्यायला हवं होतं.

संवादाच्या टप्प्याकडे दुर्लक्ष झालं ते माझ्यामुळे. वर्णन इतकं रंगत गेलं की परीक्षेचा दुसरा अर्धा भाग माझ्या नजरेआड झाला. एखाद्या चांगल्या परीक्षकासमोर 14चे 17 झाले असते असं मी म्हणणार नाही. तयारी असती तर झाले असते.

आणि शाकाहाराचं मला तिसऱ्या आठवड्यात कळावं, हे सगळ्यात जास्त खुपतं. मी स्वतः मराठी, इथे येऊन पहिलं वर्ष दूध-केळ्यांवर काढलेली, आणि तरीही मी तिला विचारलं नाही. ती आपणहून सांगणार नव्हती, गुरूला असली अडचण सांगायला आपल्याकडे मुली संकोचतात. आता नवा विद्यार्थी आला की पहिल्या तासाला मी विचारते, “इथे बाहेर जेवायला जाता का, आणि गेलात तर काय मागवता?” उत्तर वहीच्या पहिल्या पानावर लिहिते. काळ आणि विशेषणं त्यानंतर.